तांब्याच्या भावाने सोने

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या आमच्या एका भाच्याला नाण्यावर चालणारी जुनी विक्रीयंत्रे जमवण्याचा नाद आहे. खाचेत नाणे टाकावे आणि च्युइंगमची कांडी, मूठभर शेंगदाणे किंवा चॉकलेटची वडी हाती पडावी, अशी ही यंत्रे एकेकाळी तिकडच्या रेल्वे फलाटांवर आणि औषधांच्या दुकानांत असत. भाचा हाताचा कुशल आहे. गंजलेले यंत्र विकत घ्यावे, तळघरात बसून खोलावे, साफ करावे, मोडलेली स्प्रिंग बदलावी, एखादे स्वतःपाशी ठेवावे, एखादे विकावे, असा त्याच्या सुट्टीच्या दिवसांचा क्रम. त्यातून संसाराला थोडाफार हातभारही लागतो.

मागच्या वर्षी एका शनिवारी अशाच शोधात निघालेला असताना त्याला एका घरासमोर जुन्या सामानाची विक्री मांडलेली दिसली. घर सोडताना नको असलेल्या वस्तू अंगणात मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकण्याची प्रथा तिकडे सर्रास आहे. या घरातले यजमान वारले होते आणि त्यांची वृद्ध पत्नी मुलीकडे राहावयास निघाली होती. शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ, काचेची भांडी, आणि त्यांच्यामागे लाल एनॅमलच्या पत्र्याचे, एका सेंटच्या नाण्यावर चालणारे च्युइंगमचे यंत्र. रॉचेस्टर गावच्या पुल्व्हर कंपनीची ही करणी, हे भाच्याने लांबूनच ओळखले. या यंत्रांना दर्शनी बाजूस एक लहान खिडकी असते; नाणे टाकले की चावी दिलेल्या यंत्रणेने आतली बाहुली हलते आणि कांडी खाली पडते. कधी ती बाहुली विदूषकाची असते, कधी वाहतुकीच्या पोलिसाची. येथे पोलीस होता. चिठ्ठीवर किंमत होती वीस डॉलर.

भाच्याने घासाघीस केली नाही. वीस डॉलर दिले, यंत्र गाडीत ठेवले आणि घरी आला. तीन संध्याकाळी खपून त्याने ते चालू केले. पंधरवड्यानंतर एका संग्राहकाने ते पाहिले आणि जागच्या जागी साडेसहाशे डॉलर देऊ केले. भाच्याने त्याला थांबवून ठेवले. त्याच रात्री त्याचा आम्हाला दूरध्वनी आला. इकडची खुशाली विचारून झाल्यावर थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मामा, मी चोरी केली का?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "नाही रे बाबा." किंमत बाईने स्वतः लिहिली होती, त्याने ती पूर्ण मोजली होती, खोटे काही बोलला नव्हता. मग चोरी कसली? परंतु फोन ठेवल्यावर आमची झोप उडाली. पटकन दिलेले उत्तर बहुधा आपल्या सोयीचे असते. त्या रात्रीपासून आम्ही या प्रश्नाचा जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. एवढ्याशा यंत्रावर इतका खल कशाला, असे कोणास वाटल्यास त्याने थोडा धीर धरावा. हे यंत्र आपल्या अंगणापर्यंत येणार आहे.

प्रथम त्या यंत्राविषयीच. नाणे घेऊन वस्तू देणारे यंत्र ही कल्पना आधुनिक नाही आणि तिचा आरंभ देवळात झाला आहे, ही गोष्ट आम्हाला मोठी गमतीची वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने अशा एका पात्राचे वर्णन केले आहे. पाच द्राक्मांचे नाणे फटीतून टाकले की ते तरफेच्या एका टोकावर पडे, तरफ कलून झडप उघडे, आणि नाणे घसरून खाली जाईपर्यंत मंदिरातील पवित्र पाण्याची धार हातावर पडे. नाण्याइतकेच पाणी, ना अधिक, ना उणे. त्यानंतर ही कल्पना जणू झोपी गेली. १८८३ साली लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिटने पोस्टकार्डे विकणारे यंत्र आणले, आणि १८८८ साली न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर थॉमस ॲडम्सच्या कंपनीची च्युइंगमची यंत्रे उभी राहिली. एव्हरिटच्या यंत्राच्या फटीत लोक संत्र्याच्या साली आणि कागदाचे बोळे कोंबत, अशी तक्रार लवकरच पुढे आली. पाहणारा कोणी नसला की माणूस काय करतो, याची परीक्षा तेव्हापासूनच सुरू होती.

आपल्याकडेही मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर दिव्यांची उघडझाप करणारे वजनाचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीची खूण पटेल. नाणे टाकले की खडखडाट होई आणि पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट बाहेर पडे. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य किंवा सिनेनटाचे चित्र. शेटजी असो वा हमाल, नाणे तेच आणि तिकीटही तेच. ही यंत्रे घासाघीस करीत नसत. ती कोणाचा चेहरा वाचीत नसत, कोणाची नड ओळखीत नसत. कधी नाणे गिळून गप्प बसत, ही गोष्ट निराळी!

आणि आता या यंत्रांचा धंदा संपल्यावर, ती स्वतःच विक्रीची वस्तू झाल्यावर, नेमके उलटे घडले आहे. ज्या यंत्राने एका सेंटला एक कांडी इतका सरळ व्यवहार केला, त्याची स्वतःची किंमत मात्र कोठेच लिहिलेली नाही. खुद्द त्या सेंटचीही टांकसाळीतील पाडणी संपली. व्यवहारासाठीचे शेवटचे नाणे १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडले गेले. (आपल्या चार आण्यांच्या नाण्याचे चलन ३० जून २०११ पासून थांबले, हे कित्येकांच्या ध्यानातही नसेल.)

किंमत ठरते कशी? भाच्याकडून आम्ही ही विद्या थोडी शिकून घेतली. बनावट कोणाची, बाहुली कोणती, पत्र्याचा रंग कोणता हे आधी पाहायचे. मग अंगचे किती शिल्लक आहे ते: मूळचे कुलूप, मूळची चावी, मूळची अक्षरे. एनॅमल म्हणजे भट्टीत पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. तिचा टवका उडाला तर घरी बसून तो भरता येत नाही. म्हणून टवके उडालेला मूळ पत्रा हा गुळगुळीत रंग फासलेल्या पत्र्याहून मोलाचा ठरतो. जाणकार यंत्र उलटे करतो, आत दिवा धरतो, कोणता स्क्रू नवा आहे ते पाहतो. काचगोळ्याच्या यंत्रांत गोळा जुना आहे की अलीकडे ओतलेला, यावर भाव बदलतो. शेवटी लिलावात अशाच यंत्राला प्रत्यक्ष काय मिळाले ते शोधायचे. मागितलेली किंमत ही किंमत नव्हे, मिळालेली किंमत तीच खरी.

यातील अर्ध्या भागाचा नैतिक निवाडा सोपा आहे. विकणाऱ्याने झाकू नये. नवा गोळा जुना म्हणून, रंगवलेला पत्रा अस्सल म्हणून खपवणे ही फसवणूक आहे आणि त्यासाठी कोण्या तत्त्ववेत्त्याची गरज नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न, सत्त्याहत्तरावा, खर्ची घातला आहे. ते म्हणतात की, घोड्याला एकच डोळा असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर ते बोलून दाखवण्याची सक्ती नाही. पण जो दोष दिसत नाही तो सांगितलाच पाहिजे. भाचा विकताना प्रत्येक बदललेल्या भागाची चिठ्ठी यंत्राला बांधतो. त्याबाबत त्याचे मन स्वच्छ आहे.

अडचण दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. विकणाऱ्याला ठाऊक नसलेला गुण घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगावा काय?

कायद्याला विचारले तर तो बहुधा 'नाही' म्हणेल. फेब्रुवारी १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याने एका रविवारी सकाळी लवकर १११ पिंपे तंबाखू खरेदी केली. ब्रिटन व अमेरिका यांच्यात तह झाल्याची बातमी त्याला आदल्या रात्रीच्या जहाजांकडून आलेल्या माणसांमुळे कळली होती. विकणाऱ्यांना ती कळली नव्हती. नाकेबंदी उठणार म्हटल्यावर तंबाखूचा भाव तीस ते पन्नास टक्क्यांनी चढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८१७ साली सरन्यायाधीश मार्शल यांनी मत दिले की, ती बातमी सांगण्याचे बंधन घेणाऱ्यावर नव्हते. मात्र समोरच्याला चकवण्यासाठी काही बोलू वा करू नये. त्या रविवारी ऑर्गनसाहेब नंतर मिस्साला गेले की नाही, याची नोंद निकालपत्रात नाही.

अक्वायनस यांच्याजवळ याच्याशी मिळताजुळता दाखला आहे. धान्य महाग असलेल्या गावी एक व्यापारी धान्य घेऊन जातो. मागून आणखी धान्य येत आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे काय? संतांचे उत्तर असे की, न्यायाच्या दृष्टीने तो बांधील दिसत नाही. सांगितले तर मात्र त्याचा सद्गुण अधिक थोर. येथवर वाचून आम्हाला हायसे वाटले. भाच्याला फोन करावा असे वाटू लागले. परंतु त्याच प्रश्नाच्या आधीच्या कलमात आमचे लक्ष दुसऱ्या एका वाक्याकडे गेले आणि हात थबकला. विकणारा आपली वस्तू हलकी समजून, तांबे समजून सोने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्याय्य होय आणि त्याने भरपाई केली पाहिजे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

मग त्या बाईचे यंत्र धान्य होते की सोने? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ते च्युइंगमचे यंत्र आहे, हे तिला ठाऊक होते. वस्तू कोणती याविषयी तिचा गैरसमज नव्हता, बाजाराविषयी अज्ञान होते. त्या अर्थी ते धान्य. पण धान्याचा भाव उद्या बदलणार होता. यंत्राचा भाव त्याच क्षणी, त्याच अंगणात साडेसहाशेच्या आसपास होता. बाई तिच्या मते भंगार विकत होती आणि भाचा त्याच्या मते दुर्मीळ वस्तू घेत होता. आमच्या मते हे तांब्याच्या भावाने सोनेच झाले. कायदा निम्म्याहून अधिक फसवणूक झाली तरच हात घालतो, देवाचा नियम त्याहून बारीक चाळणीचा आहे, हेही अक्वायनस यांनी तेथेच म्हटले आहे. आणि वीस हा साडेसहाशेच्या निम्म्याच्या जवळपासही नाही.

येथे जाणता वाचक आम्हाला अडवील. शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला खुद्द प्रभूच्या मुखातला आहे! त्या मनुष्याला ठेव सापडते, तो ती पुन्हा लपवतो, आनंदाने सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. शेताच्या मालकाला तो अवाक्षर बोलत नाही. मत्तयच्या तेराव्या अध्यायातील हा दाखला भाच्यानेही आम्हाला ऐकवला, आणि ऐकवताना त्याचा स्वर थोडा उत्साही झाला होता. आमचे म्हणणे असे की, दाखल्यात प्रभू शेतीच्या खरेदीखताचा धडा देत नाही. स्वर्गाच्या राज्यासाठी सर्वस्व सोडण्याची जी तडफ आहे तिच्याकडे तो बोट दाखवतो. अप्रामाणिक कारभाऱ्याची त्याने वाखाणणी केली म्हणून खोटे हिशेब लिहिण्यास कोणी धर्ममान्यता मागत नाही. शिवाय ती ठेव कोणाचे नुकसान करून मिळत नाही. ती सर्वांनी घेतली तरी सर्वांना पुरते. लाल पत्र्याचे यंत्र एकच असते.

भाच्याची दुसरी हरकत अधिक वजनदार होती. "मामा, हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. वीस वर्षे मी यंत्रे उलटी करून पाहतो आहे. रंग फासलेली चार यंत्रे अस्सल म्हणून घेऊन बुडालोही आहे. त्याचे मोल कोण देणार?" हे खरे आहे. व्यापारी आपल्या श्रमाचा मोबदला म्हणून नफा घेतो, त्यात पाप नाही, हे अक्वायनस यांनाही मान्य आहे. जाणकार नसता तर ते यंत्र कचऱ्याच्या गाडीत गेले असते, हाही जाणकाराचा उपकारच म्हणावा. दोन व्यापारी समोरासमोर असतील तर आम्ही गप्प राहण्याला दोष देणार नाही. दोघेही डोळे उघडे ठेवून आलेले असतात. परंतु नवरा गेल्याला वर्ष न झालेली, घर रिकामे करण्याची घाई असलेली बाई व्यापारी नव्हे. चार लबाडांनी भाच्याला बुडवले, त्याची वसुली तिच्याकडून कशी करणार? १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या २४०९ व्या परिच्छेदात, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा नडीचा फायदा घेऊन भाव चढवणे हे सातव्या आज्ञेच्या विरुद्ध असल्याचे म्हटले आहे. चढवणे जर वाईट, तर पाडलेला भाव गपचूप उचलणे चांगले कसे होईल, हे आम्हाला कळत नाही.

संत ऑगस्टिन यांनी 'त्रैक्या'वरील आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागात एक छोटी गोष्ट सांगितली आहे. एका नटाने प्रेक्षकांना, तुमच्या सर्वांच्या मनात काय आहे ते सांगतो, असे वचन दिले, आणि सांगितले ते इतकेच की, तुम्हा सर्वांना स्वस्त घेऊन महाग विकायचे असते. लोकांनी टाळ्या पिटल्या. ऑगस्टिन म्हणतात, हे सर्वांबद्दल खरे नाही; आमच्या माहितीतल्या एका मनुष्यापुढे कोणी एक हस्तलिखित विकावयास आणले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून तो क्षुल्लक रक्कम मागत होता. त्या मनुष्याने त्याला, त्याच्या ध्यानीमनी नसताना, त्याहून कितीतरी मोठी योग्य किंमत दिली. त्या मनुष्याचे नाव ऑगस्टिन यांनी दिलेले नाही. त्यामुळेच की काय, तो आम्हाला कोणत्याही धर्मग्रामातला, मागच्या बाकावर बसणारा वाटतो.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. वसईच्या वाड्यांतून जुनी घरे उतरवली जात असताना आम्ही पाहिली आहेत. सागवानी खांब, कोरीव दरवाजे, आजीच्या हातचे हंडे-घंगाळे मोडीच्या भावाने, किलोवर गेले. आमच्या घरचा हंडा असाच काट्यावर चढला. वर्षभराने तसाच एक हंडा एका उपाहारगृहाच्या दाराशी फुले घालून ठेवलेला पाहिला, तेव्हा भंगारवाल्याचा आम्हाला राग आला. वाचकांपैकी पुष्कळांना असा राग आलेला असेल. परंतु रागावण्यापूर्वी आपण दुसऱ्या टोकाला कधी उभे होतो, तेही आठवावे. रस्ता कोठून जाणार, जमिनीचा कोणता पट्टा बिनशेती होणार, हे ज्यांना आधी कळले त्यांनी ज्यांना कळले नव्हते त्यांच्याकडून जमिनी घेतल्या. घेणारे सगळे परके नव्हते. काहींची नावे आपल्या देवळातल्या देणगीदारांच्या पाटीवर आहेत, आणि विकणाऱ्यांची मुले आज त्याच जमिनीवरच्या इमारतींत पहारेकरी आहेत. ऑर्गनच्या तंबाखूचा न्याय लावला तर हे सारे कायदेशीर ठरेल. शेतातल्या ठेवीचा दाखला वाचताना मात्र आम्हाला त्या शेताचा मालक आठवल्यावाचून राहत नाही.

भाच्याबरोबर आम्ही फोनवरच हिशेब मांडला. साडेसहाशेतून दिलेले वीस वजा. तीन संध्याकाळची मजुरी, स्प्रिंग, पेट्रोल. शिवाय जाणकारीचा मोबदला. या शेवटच्या रकमेवर आमचा बराच वाद झाला. तो जास्त मागत होता असे नव्हे. उलट तो काहीच घ्यायला तयार नव्हता, आणि आम्ही त्याला सांगत होतो की, तेही बरोबर नाही, श्रमाचे घे. न्याय्य किंमत ही गणितातल्या बिंदूसारखी नसते, अंदाजाची असते, हे अक्वायनस यांचे म्हणणे तेथे उपयोगी पडले. तीनशे डॉलर परत करायचे ठरले.

भाचा त्या मुलीचा पत्ता शोधून गेला. बाई व्हरांड्यात बसली होती. त्याने सर्व हकीकत सांगितली आणि चेक पुढे केला. ती आनंदित होईल, अशी आमची दोघांची समजूत होती. तिने चेक घेतला, घडी करून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, शिवणयंत्र नेले ती बाई आणि घड्याळ नेले तो मनुष्य, त्यांनाही हे ठाऊक होते काय?

भाच्याने विचारले की, शिवणयंत्र कोणत्या कंपनीचे होते. तिला ते आठवेना.